वर सात बटणं

नव्या मुकादमाने मुकादमकीच्या पहिल्याच दिवशी नको तिथे दिलदारपणा दाखवला. गिऱ्हाइकाने निळी बटणं मागितली होती बरोबर दहा हजार. याने मशीन थांबवण्याआधी वर आणखी सात काढायला लावली. मालकही खूश. त्यांनी लगेच गिऱ्हाइकाला फोनवर शब्द दिला, "सात आमच्याकडून भेट." मुकादमाची छाती फुगली. याच निळ्या बटणांचा एक नमुना बायकोने कालच त्याच्या शर्टाला पोटावर लावून दिला होता, तोही ताणला गेला.

"अहो मुकादम, अट वाचलीत का?" पॅकिंगच्या मावशींनी विचारलं. "लहान डब्या, प्रत्येक डबीत सारखी बटणं, सुटं एकही नको. मागे तीन सुटी गेली तर अख्खा माल परत आला होता."

"मग भागा की. त्यात काय एवढं?"

मावशींनी पुठ्ठ्यावर पेन्सिलीने भागायला घेतलं. दोनाने एक उरलं. तिनाने दोन, साताने चार. तेविसाने जमतंय असं वाटलं, तर तिथेही दोन बटणं दात काढत उरली. सत्त्याण्णवपर्यंत जाऊन मावशींनी पेन्सिल खाली ठेवली.

"मूळ संख्या आहे ही. कशानेच जायची नाही. दहा हजार म्हणजे बिचारी गरीब गाय होती. तुमच्या सातांनी वाट लावली."

"शंभराच्या पुढे बघा ना."

"दोन आकड्यांच्या गुणाकाराने दहा हजार सात व्हायचे, तर एक तरी आकडा शंभराच्या आतला लागतो. तो नाही. आता एका डबीत एक भरा, नाहीतर एकाच डबीत सगळी."

मुकादमाने घड्याळ पाहिलं. ट्रक पाचला निघणार होता. माल चुकला तर परत जुन्या मशीनवर, असं मालकांनी सकाळीच बजावलं होतं. आणि त्या मशीनवर त्याने स्वतःच्या मेव्हण्याला बसवलं होतं. आता त्याच्या हाताखाली राबायचं म्हणजे बायकोच्या माहेरी कायमचा विषय.

"एक काढून टाकू?"

"दिलेला शब्द मोडणार? आणि काढलंत तरी निम्मे होतात पाच हजार तीन. तेही मूळच, याहून आडमुठं. लहान डबी दोन-दोनाचीच जमेल." मावशींनी पुन्हा पेन्सिल उचलली. "एक वाढवलं तर मात्र चोवीसच्या चारशे सतरा डब्या. बाकी शून्य."

पण मशीनवर आता काळा माल चढला होता. निळं बटण औषधालाही उरलं नव्हतं. मावशींची नजर फिरत फिरत मुकादमाच्या पोटावर येऊन थांबली.

पाचला ट्रक गेला. मुकादम पोटावर हात धरून फाटकात उभा होता. मालकांना वाटलं, माणूस किती नम्र आहे.

आठवड्याने गिऱ्हाइकाचं पत्र आलं: माल उत्तम. एका बटणात दोरा ओवलेला मिळाला, ही सोय फार आवडली. पुढची दहा हजार आठ बटणं अशीच, दोऱ्यासकट पाठवावीत.

"तुमचंच डोकं ना हे? शाबास, मुकादमकी पक्की," मालक म्हणाले. "या वेळी वर किती देऊ या?"

मावशींनी पुढे केलेली सुई घेत मुकादम म्हणाला, "एकही नको, साहेब."