इंदूअक्का लॅपटॉप उसवतात

आमच्या शेजारच्या इंदूअक्का घरात कोणतीही नवी वस्तू आली की आधी ती उसवतात. कपड्यांचं सोडा, त्या शिवणकामाच्या बाई, कपडे उसवणारच. पण टीव्हीच्या रिमोटवरही त्यांनी दवाखान्यातली चिकटपट्टी लावून मोजकी बटणं उघडी ठेवली आहेत. चालू-बंदचं एक आणि चॅनेल पुढे-मागे करायची दोन. आवाजाचं बटण झाकलेलं आहे, कारण एकदा बेताचा आवाज लावून ठेवला की तो परत हलवायचा कशाला, असं त्यांचं म्हणणं. प्रवासाच्या बॅगेची चाकं त्यांनी काढून टाकली. बॅग माणसाच्या मागे पळत येते ते बरं दिसत नाही म्हणाल्या.

माझ्या मुलीच्या दप्तराची चेन बिघडली होती, म्हणून ते अक्कांकडे दिलं. परत आलं तेव्हा चेन नीट होती आणि कप्पे दोनच उरले होते. बाकीचे उसवून त्या कापडाची त्यांनी कंपासपेटीला खोळ शिवून दिली होती. मुलगी खूश होती. बायकोनं मला बोलून यायला सांगितलं. मी गेलो, चहा पिऊन परत आलो.

अक्का धुळ्यातल्या एका मुलींच्या शाळेत शिवण शिकवून निवृत्त झाल्या. माहेर चोपड्याकडचं. लग्न केलं नाही, देवपुरात हे छोटं घर घेतलं आणि एकट्याच राहतात. वर्गातल्या शेवटच्या मशीनपर्यंत पोचवायची सवय असल्यामुळे आवाज असा की त्या दुधवाल्याशी बोलल्या तर पलीकडच्या गल्लीला दुधाचा भाव कळतो. आमच्याशी शाळेतलं मराठी बोलतात, पण एखादी गोष्ट पटली नाही की लगेच अहिराणीवर येतात. नवी वस्तू हातात घेऊन उलटीसुलटी करायची, जादा काही दिसलं की बोट ठेवायचं आणि विचारायचं, "हाई कसाले शे?" कशासाठी आहे, हे समोरच्याला पटकन सांगता आलं नाही तर ते गेलंच.

गेल्या हिवाळ्यात अक्कांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. त्याआधी दर शनिवारी त्या सकाळच्या गाडीनं चोपड्याला जायच्या आणि रविवारी संध्याकाळी परत यायच्या. तिकडे भाऊ असतो, एवढंच आम्हाला माहीत. ऑपरेशननंतर डॉक्टरांनी एसटी बंद केली. अक्का काठी घेऊन घरातल्या घरात फिरू लागल्या. त्यांचा आवाज पूर्वीसारखाच होता, त्यामुळे त्या बऱ्या आहेत असं आम्ही धरून चाललो.

मग एका सकाळी त्यांनी मधल्या भिंतीवर काठी ठोकली. मी गेलो तर म्हणाल्या, सुनील, मला लॅपटॉप घ्यायचाय, तू चल.

मी कॉलेजच्या ऑफिसात फी भरून घेतो. माझ्यासमोर दिवसभर कॉम्प्युटर असतो, म्हणून मला त्यातलं सगळं कळतं असा अक्कांचा समज. मी तो कधी दूर केला नव्हता. रिक्षा करून आम्ही आग्रा रोडवरच्या इरफानच्या दुकानात गेलो. इरफान शांत माणूस. त्यानं अक्कांना स्टूल दिलं, काचेवर लॅपटॉप मांडले आणि एकेकाचे गुण सांगायला लागला. एकाच्या आवाजाचं फार कौतुक केलं, अगदी थेटरसारखा आहे म्हणाला.

"आवाज नको," अक्का म्हणाल्या.

इरफाननं आवाज कमी करून दाखवला.

"कमी नको. नकोच."

नंतर त्यांनी विचारलं, ह्याचा कॅमेरा केवढं बघतो? प्रश्न इरफानला नवीन होता. अक्कांनी स्टूल मागे ओढलं, दोन्ही हात बाजूला पसरले आणि बोटांची टोकं पडद्यावर येतात का ते त्याला बघायला सांगितलं. पहिल्यात कोपरापर्यंतच आले. दुसऱ्यात मनगटं आली. दुकानातली गिऱ्हाइकं आपलं काम सोडून बघायला लागली. अक्का प्रत्येक लॅपटॉपपुढे हात पसरून बसत होत्या आणि मी रस्त्यावरच्या रिक्षा बघत होतो. शेवटी एकात दोन्ही हात पुरे मावले. पडदाही मोठा होता. हाच द्या म्हणाल्या.

इरफाननं सहज विचारलं, "अक्का, काम क्या करना है इसपे? म्हणजे मी तसं टाकून देतो."

"बोलायचंय," अक्का म्हणाल्या.

इरफाननं माझ्याकडे पाहिलं. आवाज नको आणि बोलायचंय. मीही त्याच्याकडे पाहिलं. भला माणूस, पुढे काही न विचारता त्यानं पिशवी आणली.

घरी आल्यावर लॅपटॉप शिलाई मशीनच्या फळीवर ठेवला आणि उसवणं सुरू झालं. नवा लॅपटॉप सुरू करताना तो खूप प्रश्न विचारतो. आपण सगळे न वाचता हो म्हणतो. अक्का प्रत्येक प्रश्न मोठ्यानं वाचायच्या आणि "कसाले?" म्हणायच्या. तुम्ही कुठे आहात हे आम्हाला कळू द्याल का? कसाले? तुमच्या आवडीच्या बातम्या दाखवू का? कसाले? कोपऱ्यात हवामान दिसत होतं. धुळ्याचं ऊन मला खिडकीतून दिसतं, काढ म्हणाल्या. पत्त्यांचा खेळ काढला. गाण्यांचं काढलं. एक बाई आतून गोड आवाजात मदत करू का म्हणाली, तेव्हा अक्कांनी हिला कोणी बोलावलं होतं का असं मला विचारलं. ती काढली. लॅपटॉपमध्ये किडे शिरू नयेत म्हणून फुकट दिलेलं एक काहीतरी होतं, ते काढताना तीन-तीनदा नक्की काढायचं का म्हणून विनवण्या करत होतं. ते काढून त्याच्या जागी साधं, गुपचूप काम करणारं ठेवलं. अक्कांना तेही नको होतं, पण तिथं मी ऐकलं नाही.

खाली पट्टीवरची एक खूण काही केल्या जाईना. अक्का उठल्या. कुठे निघालात म्हणून विचारलं तर चिकटपट्टी आणते म्हणाल्या. मी घाबरून आणखी अर्धा तास घातला आणि ती खूण कशीबशी लपवली.

सगळ्यात जास्त राग उजव्या कोपऱ्यातून मध्येच वर येणाऱ्या चौकटींवर. त्या सगळ्या बंद केल्या असं मी सांगितलं, तरी अक्का दुसऱ्या दिवशी दुपारभर पडद्यासमोर बसून राहिल्या. संध्याकाळी मला बोलावून म्हणाल्या, एक आली होती. चार्जिंग संपत आल्याची ती सूचना होती. मी जरा वैतागूनच म्हटलं की अक्का, एवढीशी चौकट, क्षणभर येते आणि जाते, ती काय बिघडवते?

"तेवढ्यात बोलणं हुकतं," त्या म्हणाल्या.

मला काही कळलं नाही. पण त्या ज्या तऱ्हेनं म्हणाल्या, त्यावरून मी मुकाट्यानं तीही बंद केली आणि वायर कायम लावून ठेवा म्हणून सांगितलं. शेवटी उरलं पांढरं कोरं पान आणि त्यावर एकच खूण, समोरासमोर बोलायची. ती उघडल्यावर आपलंच तोंड कोपऱ्यात छोटं दिसतं, तेही त्यांनी काढायला लावलं. माझं तोंड मला पाठ आहे म्हणाल्या.

रविवारी सकाळी पुन्हा भिंतीवर काठी वाजली. आज लावायचंय, अडलं तर तू जवळ हवास, असा निरोप. मी गेलो तेव्हा अक्का इस्त्रीचं लुगडं नेसून मशीनपुढे बसल्या होत्या. चोपड्याला भावाच्या घरी फोन लागायला थोडा वेळ होता. तेवढ्यात त्यांनी मला सांगितलं. त्यांचा आवाज इतका खाली गेलेला मी कधी ऐकला नव्हता.

भाऊ त्यांच्याहून लहान. भास्कर. जन्मापासून ऐकू येत नाही, बोलता येत नाही. त्या वेळी गावात अशा मुलांसाठी शाळा नव्हती. अक्कांनी आणि त्यानं लहानपणी दोघांपुरती हातांची भाषा बनवली. पुढे अक्कांनीच त्याला शिवण शिकवलं. आता तो दुसऱ्या भावाच्या मुलाकडे, म्हणजे पुतण्याकडे राहतो, चोपड्यात लोकांचे कपडे शिवतो. घरातली माणसं चांगली आहेत, पण त्यांना जेव, ये, झोप, एवढंच हातांनी सांगता येतं. बाकीचं सगळं बोलणं शनिवारपर्यंत साठवून ठेवायचं, आणि अक्का आल्या की बोलायचं.

ऑपरेशन झाल्यावर अक्कांनी फोनवर व्हिडिओ लावून त्याला समोर घेतलं. एका हातात फोन, दुसऱ्या हातानं बोलणं.

"फोन धरला की एक हात जातो रे," अक्का म्हणाल्या. "आमच्यात येते म्हणायला दोन्ही हात छातीशी आणावे लागतात. एकच हात आणला तर त्याचा अर्थ पुरे झालं. मी त्याला येते येते सांगत होते. त्यानं पुरे पुरे वाचलं."

दोनदा त्यानं सहन केलं. तिसऱ्यांदा उठून गेला. त्यानंतर पुतण्यानं कितीही ओढलं तरी फोनसमोर येईना. अक्कांनी फोन डब्याला टेकवून पाहिला, पण एवढ्याशा पडद्यात त्यांना बोटं दिसेनात, आणि तो एकदा समोर आला तर नेमका कोणाचा तरी मेसेज वरून येऊन त्याचे हात झाकून गेला. तो काय म्हणाला ते कळलंच नाही.

एवढं सांगून होतंय तोवर फोन लागला. पुतण्यानं तिकडे आपला मोबाइल शिलाई मशीनवर रिळांना टेकवून ठेवला होता. भास्करभाऊ मशीनवरच बसले होते, खाली मान घालून शिवत. पुतण्याच्या बायकोनं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, मोबाइलकडे दाखवलं. त्यांनी पाहिलं नाही. कूस बदलावी तसे थोडे तिरके झाले आणि शिवत राहिले.

हाक मारून उपयोग नव्हता. अक्का दोन्ही हात छातीपुढे उचलून बसून राहिल्या. मी न राहवून त्या सुनेला काही सांगायला पुढे झालो, तर त्यांनी डोळ्यांनीच मला मागे सारलं. तिकडे मशीनचं चाक फिरत होतं, आवाज नव्हता. अक्कांनी हात खाली घेतले नाहीत.

शिवण संपली. भास्करभाऊंनी दोरा तोडायला कात्रीसाठी हात पुढे केला, आणि कात्री मोबाइलपाशीच होती. त्यांची नजर वर गेली.

अक्कांनी दोन्ही हात छातीशी आणले. पुन्हा बाजूला केले, पुन्हा आणले. भास्करभाऊ कात्री हातात घेऊन बघत राहिले. मग कात्री खाली ठेवली आणि त्यांचे हात उठले.

पुढे काय बोलणं झालं ते मी कसं सांगणार. मध्येच अक्का माझ्याकडे न बघता म्हणाल्या, विचारतो, मग तेव्हा पुरे का म्हणालीस? मग अक्कांनी एक हात कानाजवळ फोनसारखा धरून दाखवला, तोच हात मग पाठीमागे लपवला आणि उरलेला एकटा हात छातीशी आणला. भास्करभाऊंनी कपाळावर हात मारून घेतला आणि खांदे हलवत हसायला लागले. अक्काही हसल्या. कोपऱ्यातून काहीही वर आलं नाही. मी मात्र सारखा त्या कोपऱ्याकडेच बघत होतो.

थोड्या वेळानं भास्करभाऊ पडद्याच्या अगदी जवळ आले. कपाळाला आठ्या घालून त्यांनी अक्कांकडे नीट बघितलं आणि बोटानं उठायची खूण केली. ज्यांना कोणाचंही ऐकायची सवय नाही त्या अक्का काठी घेऊन उठल्या. त्यांनी बोट गोल फिरवलं. अक्का हळूहळू एक गिरकी घेऊन परत समोर झाल्या. त्यांनी हात वर करायला सांगितले. काठी मशीनला टेकवून अक्कांनी तेही केलं. मग भास्करभाऊंनी दोन बोटं दाखवली आणि रागावल्यासारखं डोकं हलवलं.

काय म्हणतात, म्हणून मी विचारलं.

"माझे ब्लाउज तोच शिवतो," अक्का म्हणाल्या. "दोन बोटं आत घ्यावे लागतील म्हणतो. बारीक झालीस म्हणतो."

मी अक्कांना रोज सकाळ-संध्याकाळ बघत होतो. माझ्या लक्षात आलं नव्हतं.

तिकडे भास्करभाऊंनी फळीवरून एक कापड काढलं, खडूनं रेघ मारली आणि पुन्हा मशीनवर बसले. आता बंद करायचं का, म्हणून मी विचारलं. अक्का नाही म्हणाल्या. त्यांनी खुर्ची थोडी पुढे ओढली, पाय उशीवर ठेवला.

"राहू दे. त्याचं शिवून होईपर्यंत बसते."