मयताची आघाडी

"ही निवडणूक आपण हरूच शकत नाही," ऑरिन वाशेकने जाहीर केलं. "आपला विरोधक वारलाय."

संख्याशास्त्राची ताजी पदवी घेतलेला तिचा प्रचारक इतक्या आनंदाने असं बोलल्यावर ग्लेना हॉफमायरने त्याला आधी आवाज कमी करायला सांगितलं. ती पश्चिम नेब्रास्कातली जनावरांची डॉक्टर. गावच्या इस्पितळातला प्रसूती विभाग बंद झाल्यापासून दोन बायका तिच्या गुरांच्या दवाखान्यात बाळंत झाल्या होत्या. तिसरीवर ती वेळ येऊ नये, म्हणून ती खासदारकी लढवून वॉशिंग्टनला जायला निघाली होती.

तीस वर्षं खासदार असलेले क्लेटन रूड वारले ते मतपत्रिका छापून झाल्यावर. त्यामुळे नाव तसंच राहिलं. आणि निकालांवर पैसे लावायच्या ऑनलाइन बाजारात ग्लेनाचा भाव होता एकतीस; म्हणजे जिंकायची शक्यता शंभरात एकतीस. उरलेली एकोणसत्तर मयताची.

"मला सोडून लोक पुरलेल्या माणसाला निवडणार?"

"त्यांच्याबद्दल चार चांगले शब्द बोला, मॅडम."

ती बोलली. भाव सव्वीस. मग ती गप्प बसली. भाव बावीस.

ऑरिनने भावाचा आलेख काढला. मयत रोज एकाच वेळी वर चढत होता, दुपारी सव्वाचारला. दुसऱ्या दिवशी तो घड्याळ लावून बसला. बरोबर सव्वाचारला त्याचा स्वतःचा फोन वाजला.

"मी क्लेटन," घसा खाकरून आवाज म्हणाला. "मी कुठेही गेलेलो नाही. मंगळवारी मतदानाला भेटू."

ऑरिनने फोन झटकन कानापासून दूर धरला. आवाज जिवंतपणीच भरून ठेवलेला होता, हे कळायला त्याला दहा मिनिटं लागली. त्याने रूड यांच्या प्रचाराचे हे फोन रोज मतदारांना लावणाऱ्या कंपनीला गाठलं.

"ज्यांनी सुरू केलं, त्यांनीच बंद करायला सांगायचं असतं," तिथली बाई म्हणाली.

"अहो, ते वारलेत."

"मग त्यांचं तसं पत्र आणा."

शेवटी ऑरिनने मतदारांच्या नंबरांची तीच यादी घेतली आणि सव्वाचारच्या मागोमाग ग्लेनाचा आवाज सोडला: "क्लेटन आता बोलू शकत नाहीत. म्हणून मी बोलतेय."

दुसऱ्याच दिवशी एक गुरंवाला वासराला घेऊन दवाखान्यात आला आणि टोपी काढून हळूच म्हणाला, "डॉक्टर, क्लेटनला विचाराल का? माझी शिडी त्याने कुठे ठेवली?"

भाव चाळीस!

"बंद कर हे," ग्लेना म्हणाली.

"मॅडम, भाव चढतोय."

शनिवारी अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये सभा होती. सगळे चिली, म्हणजे राजमा-खिम्याचा रस्सा, आणि दालचिनीचे रोल खात बसले होते. गोधड्या शिवणाऱ्या बायकांची म्होरकी, ऐंशी वर्षांची डोरीन प्रुइट उठली. "ग्लेना, क्लेटन काय म्हणतो आमच्याबद्दल?"

चमचे थांबले. भाव एकोणपन्नास. मागून ऑरिन जिवाच्या आकांताने मान हलवत होता: काहीतरी सांगा.

"डोरीन, क्लेटन मेलाय," ग्लेना म्हणाली. "मला त्याचं काही ऐकू येत नाही. मला फक्त तो प्रसूती विभाग उघडायचाय."

ऑरिनने डोळे मिटले. आणि तेवढ्यात सव्वाचार वाजले.

एकाच क्षणी साठ फोन वाजले. साठ मुठींतून मेलेला माणूस खाकरला. मी कुठेही गेलेलो नाही. मग ग्लेनाचा आवाज आला, हॉलच्या चारी कोपऱ्यांतून. आणि ग्लेना समोर ओठ घट्ट मिटून उभी होती. खिडकीजवळच्या म्हाताऱ्याने छातीवर क्रूसाची खूण केली. ऑरिनने एक डोळा उघडला. भाव एक्याऐंशी.

मंगळवारी ग्लेना निवडून आली. बुधवारी ऑरिन आलेखाची गुंडाळी घेऊन डोरीनकडे गेला. लोकांना भुताच्या नादी लावलं, ही गोष्ट त्याच्या शास्त्रीय मनाला खात होती.

"ते भूत नव्हतं, डोरीन आजी. टेप होती."

"मग? आम्हाला काय खुळे समजलास?" डोरीन सुईत दोरा ओवत म्हणाली. "मतं मिळतात म्हणून बाई खोटं बोलते का, एवढंच बघायचं होतं."

"पण भाव तर सव्वाचारला चढला. ती बोलली तेव्हा नाही."

"अरे, फोन वाजला की हातात येतो. रोज क्लेटनचा आवाज आला की आम्ही गंमत म्हणून त्याच्यावर दोन डॉलर लावायचो. शनिवारी ती खरं बोलली, म्हणून तिच्यावर लावले." तिने दोऱ्याला गाठ मारली. "हे कळायला तुझा हा कागद कशाला लागतो, पोरा?"