काशिनाथमामांची अर्धपोटी गादी

माझ्या दुकानात गिऱ्हाईक कापड हाताने बघतं. कुणी चुरगळून बघतं, कुणी उजेडात धरून बघतं. एका बाईने रेनकोटचं कापड नाकाला लावून पाहिलं होतं, तेही मी सहन केलं. पण काशिनाथ तांडेल पहिल्यांदा आले तेव्हा त्यांनी नायलॉनच्या ताग्याचं टोक उचललं, तोंडाला घट्ट लावलं, डोळे मिटले आणि गाल फुगवून जोरात फुंकर मारली.

मी उडालेच. "अहो मामा! तोंडातून काढा ते!"

त्यांनी एक बोट वर करून मला थांबवलं. मला! माझ्याच दुकानात! मग कापडाच्या पाठीमागे हात धरून वारा येतो का ते चाचपलं आणि म्हणाले, "ह्याला दम नाय. दुसरा दाखवा."

घाटकोपरला स्टेशनजवळच्या गल्लीत माझं दुकान आहे. रेनकोटचं, छत्रीचं, बॅगांचं कापड आणि ताडपत्री. सुरुवात मी फुटपाथवर केली, प्लास्टिक अंथरून, तुकडे विकत. नवऱ्याची मदत नाही, बापाची नाही. जे काही उभं केलं ते या तोंडाच्या जोरावर. माझा आवाज रिक्षा स्टँडपर्यंत जातो असं लोक म्हणतात. खोटं आहे. त्याच्याही पुढे जातो. एवढ्या वर्षांत माझ्या कापडाला "दम नाय" म्हणून कुणी गेलं नव्हतं.

मी चौदा तागे काढले. चौदाही त्यांनी फुंकले. आमची कापणारी प्रमिला काउंटरखाली बसून हसत होती. शेवटी एक पसंत पडला, एका बाजूने प्लास्टिकचा पातळ थर असलेला. मी चिडलेली होते, म्हणून भाव दुप्पट सांगितला. म्हटलं आता हा निम्मा मागेल, मग मी छाती बडवीन, मग तो जायला निघेल, मग मी हाक मारीन. धंदा असाच होतो.

"बरं," ते म्हणाले आणि पैसे काढले.

मला धक्काच बसला. "बरं काय? काही बोला की!"

"काय बोलू?"

"कमी करा म्हणा!"

"तुमी सांगितला ना भाव?"

"मी सांगेन हो! मी दहा सांगेन! तुम्हाला तोंड नाही? सकाळपासून चौदा तागे उष्टे केलेत, तेव्हा होतं ना तोंड?" मी अशी ओरडले की समोरचा चहावाला बाहेर आला. मामा मात्र मान थोडी तिरकी करून ऐकत उभे होते, देवळात भजन ऐकावं तसे. माझं संपलं तेव्हा म्हणाले, "येतो शेटाणी." आणि गेले.

त्या रात्री मला जेवण गेलं नाही. दुप्पट भाव मिळूनही आपण लुटले गेलो असं वाटणं म्हणजे काय, ते त्या दिवशी कळलं.

मग ते दर पंधरा दिवसांनी येऊ लागले. वेसावे कोळीवाड्यातला माणूस, मेट्रोच्या एका टोकावरून दुसऱ्या टोकाला यायचा. कमरेत वाकलेले, हाताला इस्त्रीचे चटके. तीस वर्षं हवेच्या उशा बनवणाऱ्या एका कारखान्यात जोडकाम केलेलं. निवृत्त झाल्यावर किनाऱ्यावर रबरी होड्यांची पंक्चरं काढायचे. तिथे एका गोऱ्या पोराने एक फाटकी गादी दुरुस्तीला दिली आणि न्यायला आलाच नाही. मामांनी वर्षभर वाट पाहिली आणि मग गादी उसवली. आत काय पाहिलं देव जाणे, पण तेव्हापासून त्यांना दुसरा विषय नव्हता.

ही गादी झोपायची नव्हे. हवा भरायची, समुद्रात न्यायची, तिच्यावर पालथं पडायचं आणि लाटेबरोबर किनाऱ्याकडे घसरत यायचं. आत उभ्या नळ्या असतात. त्या कापडाच्या पट्ट्यांनी पाडायच्या आणि सगळे सांधे साध्या घरच्या इस्त्रीने चिकटवायचे. इस्त्री जरा जास्त तापली की कापड जळतं, कमी तापली की सांधा सुटतो. बरोबर तापली की नाही हे कळायला मामा तिच्यावर पाण्याचा थेंब टाकायचे आणि कान जवळ नेऊन ऐकायचे. माणूस एकूण हातापेक्षा तोंडाने आणि कानानेच जगत होता.

पंप त्यांना चालत नसे. "पंपाची हवा आडमुठी." हवा तोंडानेच भरायची आणि पूर्ण भरायची नाही. "पोटभर नाय, शेटाणी, अर्धपोटी. ताठ गादी लाटेशी भांडते. अर्धपोटी असली की लाट अंगाला कळते." जगातली प्रत्येक गोष्ट ते दाबून बघायचे. माझ्या खुर्चीची उशी दाबली, "जास्त भरलीय." प्रमिलाच्या डब्यातली पुरी दाबली, "ही बरोबर." प्रमिलाने ती पुरी मग खाल्ली नाही.

एके दिवशी त्यांनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "वजन किती तुमचं?"

माझ्या हातात लोखंडी मीटरपट्टी होती. ती मी कशी आवरली माझं मला माहीत. "काय म्हणालात?"

"अठ्ठ्याऐंशी असंल," ते शांतपणे म्हणाले. "तेवढंच पाहिजे होतं. कुठं मिळत नव्हतं." आणि पिशवीतून घडी केलेली निळी गादी काढून दुकानाच्या मधोमध बसून फुगवायला लागले. "जरा पालथ्या पडा."

मी काय काय बोलले ते इथे लिहिता येणार नाही. प्रमिलाने शटर अर्धं ओढून घेतलं. पण एक सांगते, मला कुणी एखादी गोष्ट करायला सांगितली आणि सगळे बघत असले की ती न करणं मला जमत नाही. मी पडले.

आणि गप्प झाले.

खाली फरशी होती, पण फरशी लागत नव्हती. श्वास घेतला की गादी खाली जायची, सोडला की वर यायची. आपल्याला कुणीतरी दोन्ही हातांत धरलंय आणि भाव विचारत नाहीये, असं काहीतरी. मामा जमिनीला गाल टेकवून, माझं पोट फरशीला कुठे टेकतंय का ते बघत होते. "उजव्या बाजूला आणखी एक नळी पाहिजे," ते स्वतःशीच पुटपुटले. मला उठवायला प्रमिला आणि तो चहावाला, दोघं लागले.

उठल्याबरोबर मी मूळ स्वभावावर आले. "मामा, ही मला द्या. भाव बोला."

"विकायची नाय."

"बरं, मग पन्नास बनवा. कोकणात किनाऱ्यावर हॉटेलं आहेत, मी सगळ्या खपवते. कापड माझं, मेहनत तुमची."

"विकायची नाय, शेटाणी."

मी चढत गेले, उतरत गेले, हात जोडले, शिव्या दिल्या. माणूस हलला नाही. म्हणजे घेताना घासाघीस नाही आणि द्यायचं म्हटलं तर देणंच नाही! वर माझं वजन भर दुकानात जाहीर करून, माझ्या पोटावर माप काढून, मलाच नाही म्हणायचं? हा डंख मी विसरले नाही.

पुढच्या वेळी ते आले तेव्हा त्यांना घाई होती. "आता शेवटची करायची. खरी." त्यांनी तागा फुंकला, पसंत केला. मी प्रमिलाला चहा सांगायला पाठवलं आणि मामांची पाठ वळल्यावर त्याच रंगाच्या दुय्यम मालातलं कापड कापून बांधून दिलं. त्यात टाचणीएवढी भोकं होती. म्हटलं, बसा फुंकत. येतील तणतणत, मग होईल एकदा मनासारखं भांडण.

ते आले नाहीत. पंधरा दिवस गेले, महिना गेला.

आणि एका शनिवारी प्रमिला, ती वेसाव्यालाच राहते, सहज म्हणाली, "ताई, ते तुमचे फुंकणारे मामा. उद्या भरतीला बायकोला समुद्रात नेणारेत त्या गादीवर. अख्खा कोळीवाडा बघायला जाणारे."

"बायकोला?"

"तिला झटका आला ना दोन वर्षांपूर्वी. उजवी बाजू लुळी आहे, वाचा गेली. चांगुणाबाय. अंधेरीच्या बाजारात मासे विकायची. तुमच्याच अंगाची आहे."

माझ्या पायाखालची फरशी गेली. अठ्ठ्याऐंशी किलो. उजव्या बाजूला आणखी एक नळी. आणि मी दिलेलं भोकांचं कापड.

मामांकडे फोन नव्हता, आणि प्रमिलाजवळ निरोप द्यायचा तर माझी लबाडी तिलाही सांगावी लागली असती. रविवारी सकाळी मी पहिल्या मेट्रोत होते. उतरून रिक्षा केली, आयुष्यात पहिल्यांदा मीटरकडे न बघता. वाळूवर पोहोचले तेव्हा गादी पाण्यात होती. गुडघाभर पाणी, दोन्ही बाजूंनी दोन पुतणे धरून, मध्ये पालथी पडलेली जाडजूड बाई, हिरवं लुगडं, डोक्यात अबोलीचा गजरा. मामा पुढे, हवा फुंकायच्या नळीपाशी.

मी चपलांसकट पाण्यात घुसले. "थांबा! मामा, काढा तिला! कापड फुटकं आहे! मीच दिलंय फुटकं!"

मी कमरेपर्यंत भिजून, धापा टाकत, शंभर कोळ्यांसमोर माझी लबाडी ओरडून सांगितली होती.

मामा म्हणाले, "ते कापड हे नव्हं. ते मला घरी फुंकल्याबरोबर कळलं. त्याच्या पिशव्या शिवल्या, सुकटीला."

मला दुसरा धक्का. "मग भांडायला का नाही आलात?"

"मला भांडता येत नाय, शेटाणी. घरात भांडायची ती." त्यांनी बायकोकडे पाहिलं. "बाजारात हिचा आवाज निघाला की पलीकडच्या भाजीवाल्या गप व्हायच्या. आता दोन वर्षं घर कसं..." त्यांनी वाक्य सोडून दिलं. "कापड अंधेरीलाबी मिळतं. तुमी ओरडता ना, ते बरं वाटायचं. मी नुसतं 'बरं' म्हटलं की तुमी सुरू."

तेवढ्यात लाट आली. पुतण्यांनी हात ढिले केले. गादी उचलली गेली, वाकली, आणि चांगुणाबाय लाटेवरून वीसेक हात सरकत उथळ पाण्यात आली. तिचा चेहरा मला दिसला. हसू वगैरे नव्हतं. पुष्कळ दिवसांनी कुणीतरी अंगाला हात लावल्यावर माणूस दचकतं, तशी ती दचकली होती. सगळ्या अंगाने, उजव्यासुद्धा.

जे येतं तेच तोंडातून निघालं. "झाली ना हौस? आता तरी द्या मला ही. भाव बोला!"

"विकायची नाय," मामा म्हणाले.

गादीवरून डावा हात वर आला. पाच बोटं.

मामा जागच्या जागी थिजले. "चांगुणा?" ते पुटपुटले. मग माझ्याजवळ येऊन, ओठ न हलवता, "शेटाणी, दोन वर्षांत तिनं कुणाला भाव सांगितला नाय. सोडू नका. घासाघीस करा. जीव तोडून करा."

मी पदर खोचला. "पाच? पाच हजार? नुसत्या वाऱ्याचे? दोन देईन!"

चांगुणाबायने माझ्याकडे असं पाहिलं, जणू तिच्या पाटीत कुणी शिळा बोंबील ठेवलाय. मग बोटं दाखवली. पाच, आणि वर आणखी एक. मी कमी मागितलं म्हणून तिने भाव वाढवला होता! माझ्यासमोर! किनाऱ्यावरच्या बाया ओरडल्या, "सोडू नको गो चांगुणे!"

"सहा? दरोडा घालतेस? अडीच! इस्त्रीचे डाग बघ त्याच्यावर!"

सहा.

"तीन, आणि देवाची शपथ, पुढे एक पैसा नाही! नाही तर चालले मी!" आणि मी पाठ फिरवून निघाले. हे माझं शेवटचं हत्यार. निघायचं, पाय हळूहळू टाकायचे आणि मागून हाक यायची वाट बघायची. हाक येतेच.

चार पावलं गेले आणि मग लक्षात आलं. ही हाक मारणार कशी?

मूर्ख बाई, मी स्वतःला म्हटलं, सगळं सोडून हेच हत्यार काढलंस? मागे वळावं तर घासाघीस खोटी ठरते, तिला कळणार की मी दया केली. न वळावं तर संपलंच. पाय पाण्याखालच्या वाळूत रुतले.

आणि मागून आवाज आला. थाड. मग पुन्हा, थाड, थाड, थाड. हवा भरलेल्या कापडावर उघड्या पंजाचे फटके. बाजारात गिऱ्हाईक जायला लागलं की ती जशी बोलावत असेल, तसे. ए बाई. इकडे ये. जातेस कुठे?

मी वळले. तिने पंजा दाखवला आणि मग वर एक बोट. सहाच.

काशिनाथमामा नळीला तोंड लावून वाकले होते. गादी हवी तेवढी भरलेली होती, अर्धपोटी, त्यांच्या मापाने. तरी ते बराच वेळ वर आले नाहीत.

मी तिकडे पाहिलंच नाही असं दाखवलं आणि रिक्षा स्टँडपर्यंत जाईल एवढ्या आवाजात ओरडले, "सव्वातीन!"