सर्वानुमते भरती सहाला

मुलांनी यापुढे स्वतः विचार करावा, असा हुकूम १९६४ साली पालघर तालुक्यातल्या शाळांना आला. गट पाडावेत, गटांनी चर्चा करावी, शंका विचाराव्यात आणि एकमेकांच्या मदतीने निष्कर्ष काढावा. निष्कर्ष कोणता निघणार, हे मात्र शिक्षकाने आठ दिवस आधी लेखी कळवायचं होतं.

मुरबे गावाच्या पलीकडे मच्छीमार वस्तीत, अगदी पुळणीला लागून असलेल्या शाळेत कमलाकांत गुरुजी सहा वर्षं हंगामी होते. जवळच्याच माहीम गावच्या एका बागायतदाराची मुलगी त्यांना पसंत होती आणि तिलाही ते पसंत होते. पण बागायतदाराने "आधी कायम व्हा, मग मुहूर्त बघू" म्हणत दोन लग्नसराया घालवल्या होत्या. तिसरी तोंडावर आली होती. विस्तार अधिकारी साहेब गटचर्चा बघायला येणार होते आणि गुरुजींचं कायम होणं त्यांच्या शेऱ्यावर होतं.

धडा निवडला 'समुद्र आपला मित्र'. त्यात छापलं होतं, 'भरती रोज सकाळी सहा व संध्याकाळी सहा वाजता येते.' भरतीची वेळ तिथीप्रमाणे सरकते हे गुरुजींना ठाऊक होतं. सहा वर्षं किनाऱ्यावर राहून एवढं न कळायला माणूस फारच शिकलेला असावा लागतो. पण पुस्तकाला प्रश्न विचारणं हे कायम झालेल्यांचं काम, असं त्यांनी मनाशी ठरवलं.

शंका वाटून झाल्या. एकूण सात शंका, त्यांना अनुक्रमांक, आणि सगळ्या तोंडपाठ. हंसाच्या वाट्याला तिसरी आली, 'समुद्राचे पाणी खारट का?' तालमीत ती म्हणाली, "गुरुजी, सहाची भरती अष्टमीची. अवशेला तर बारा वाजता येते. बा होडी काढतो तो तिथी बघून." गुरुजी प्रेमाने म्हणाले की शंका उत्तम आहे, पण यादी कचेरीत गेली.

साहेब आले ते नेमके अमावास्येला, सकाळी दहाला. ओल्या वाळूवर जीप छान उभी राहिली. ड्रायव्हर जरा कुरकुरला, तेव्हा साहेबांनी त्याला पुस्तकातलं वाक्य वाचून दाखवलं आणि सुके बोंबील आणायला वस्तीत पिटाळलं. त्यांचा पहिला तास दाखले आणि हजेऱ्या तपासण्यात गेला.

अकराला चर्चा सुरू झाली. पापलेट गटाने पहिली शंका विचारली, सुरमई गटाने ती सोडवली. साहेब माना डोलवत होते. खिडकीकडे त्यांची पाठ होती आणि गुरुजींचं तोंड. समुद्र जीपच्या पुढच्या चाकांना लागलेला गुरुजींनी पाहिला. आता थांबवावं, तर फळ्यावर लिहून ठेवलेला निष्कर्ष खोटा पडत होता.

हंसाने हात वर केला. "साहेब, जीप बुडंल."

"ही शंका कितवी?" साहेबांनी विचारलं.

गुरुजींनी यादीकडे बघितलं. मग खिडकीकडे बघितलं. मग त्यांना माहीमची ती मुलगी आठवली. "यादीत नाही, साहेब," ते म्हणाले. आयुष्यात त्यांना स्वतःची एवढी लाज कधी वाटली नव्हती.

हंसा खाली बसली नाही. तिने दामूकडे बघितलं, दामूने नामदेवकडे, आणि सबंध वर्ग दाराबाहेर पळाला. दोघं दोर आणायला गेले, चौघांनी होड्यांखालचे ओंडके उचलले, बारक्यांनी घराघरांतून माणसं हाकलत आणली. कुणी कुणाला काम वाटून दिलं नाही. कमरेइतक्या पाण्यातून जीप वर ओढून काढली तेव्हा बाराला पाच कमी होते. आतून दोन खेकडे निघाले.

संध्याकाळी साहेबांनी शेरा लिहायला घेतला, आणि पंचाईत अशी झाली की पुस्तकाप्रमाणे बाराला भरती नव्हती. म्हणून जीप सायंकाळी सहाच्या भरतीत भिजल्याचं लिहिलं गेलं. पुरावा म्हणून दुसऱ्या दिवशी चारही गटांची चर्चा घेण्यात आली. 'जीप किती वाजता भिजली?' या विषयावर तीन गट सहा म्हणाले. चौथ्या गटात हंसा होती, म्हणून तो गट रद्द करून निष्कर्ष सर्वानुमते नोंदवला. खाली शेरा पडला, 'सहकार्य समाधानकारक. मात्र काही विद्यार्थी चर्चा सोडून समुद्राकडे गेले, त्यांना समज द्यावी.'

वैशाखात गुरुजी कायम झाले आणि लग्नही झालं. मुहूर्त काढताना सासऱ्यांनी भरतीची वेळ विचारली, कारण वरात होडीतून यायची होती. गुरुजींनी हंसाला बोलावून विचारून घेतली.

वर्गात अजून तो धडा तसाच आहे. तो वाचताना हंसा हात वर करते, गुरुजी यादी बघतात, आणि बाकीची मुलं आता खाली बघायला शिकली आहेत. त्यांचं शिक्षण पुरं होत आलं आहे. तुमचं आमचं तर केव्हाच झालं.