नागपूर काय, इथंच तर आहे

"नाशिकहून कुठलंही गाव लांब नाही. लांब असतो तो माणसाचा आळस," असं ढुंढिराज ओझरच्या कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत ठणकावून सांगत आणि सांगून झालं की तिथंच डुलकी काढत.

थोरली सुमेधा देवळाली कॅम्पात दिलेली. कारखाना सुटला की ढुंढिराज वाट वाकडी करून रोज तिच्याकडे चहाला हजर. तिच्या सासूबाई आधी चहाबरोबर चिवडा देत, मग नुसता चहा आला, हल्ली तर "सुमेधा, तुझे बाबा आले गं" एवढी हाक मारून त्या आत निघून जात. ढुंढिराजांना वाटे, केवढा घरोबा झालाय.

सत्त्याण्णव सालच्या दिवाळीनंतर धाकट्या तेजश्रीला नागपूरचं स्थळ सांगून आलं. मुलगा इंजिनियर, एकुलता एक आणि तेजश्रीला फोटोतच आवडलेला. तिच्या आईने, ज्योत्स्नाबाईंनी, मात्र नाक मुरडलं.

"नागपूर? पोरीला ताप आला तर मी पोचेपर्यंत उतरलेला असायचा."

"अगं, एका रात्रीचा तर प्रवास. जेवून गाडीत बसायचं, डोळा लागतोय न लागतोय तोच नागपूर. सकाळचा चहा तिकडे."

आठवडाभर ढुंढिराजांनी नागपूर असं काही ओढत आणलं, की शेवटी ते सिन्नरच्याही अलीकडे येऊन थांबलं. ज्योत्स्नाबाई विरघळल्या. बैठक ठरली.

मुलाला घेऊन त्याची आई लताबाई प्रवासाने पार शिणून आल्या. मुलगी मात्र त्यांना पाहताक्षणी पसंत पडली. "आमची काही मागणी नाही जी," त्या म्हणाल्या. "अंतर तेवढं फार आहे. तुम्हाला लेकीकडे येणं वर्षाकाठी एकदाच जमेल."

इथं गप्प बसले असते तर पेढेच वाटायचे होते. पण कुठल्या गावाला लांब म्हटलेलं ढुंढिराजांच्या कसं पचनी पडणार?

"छे छे, शुक्रवारी रात्री निघालो की शनिवारी सकाळी तुमच्या दारात. रविवारी जेवून परत. दर आठवड्याला म्हणालात तरी जमेल!"

लताबाईंचा पोह्यांचा चमचा वाटेतच थांबला. भावी विहीण भारावली असं समजून ढुंढिराज आणखी फुलले. "लवकरच मी रिटायर होतोय. मग शनिवारची तरी वाट कशाला बघायची?"

ज्योत्स्नाबाईंनाही चेव आला. "कुरडया तुमच्याच गच्चीवर घालू. ऊन कडक असतं म्हणे तिकडे."

दारात उभी तेजश्री डोळे मोठे करून बापाला खुणावत होती. पोरीला गहिवरून आलंय, असं बापाला वाटलं.

मुलगा आईकडे बघू लागला, आई बाहेर काढून ठेवलेल्या चपलांकडे. तेजश्रीने ओळखलं, हातातोंडाशी आलेलं स्थळ बाबा नुसत्या बोलण्याने घालवत होते.

लताबाईंनी घसा खाकरला. "आता एक मागणी आहे जी. सोनं नको, भांडी नको. तुम्ही दोघांनी आमच्याकडे यायचं ते वर्षातून एकदाच."

ढुंढिराजांनी तोंड उघडायच्या आत तेजश्री म्हणाली, "मान्य आहे."

ज्योत्स्नाबाई रडवेल्या झाल्या. ढुंढिराजांनाही ते फार लागलं. पोटची पोर, बापाला एका शब्दाने विचारलं नाही. त्यांनी पाणी मागितलं, सावकाश प्याले आणि खुर्ची पुढे सरकवून अगदी मवाळ आवाजात म्हणाले,

"विहीणबाई, एकदा तर एकदा. पण नागपूर म्हणजे किती लांब हो. एवढ्या लांब आल्यावर माणसाने महिना-दोन महिने तरी टेकायला नको का?"