गोदूबाईंच्या टोपाची पनवेलवर स्वारी

श्री. खाडीकाठच्या आईस स्मरोन हकीकत लिहिली जाते ऐसीजे. शके अठराशे एकोणऐंशी, हेमलंबीनाम संवत्सरी, पौष मासी मौजे गव्हाणच्या गोदूबाई यांची कन्या शकू पनवेली सासरी पोटुशी असता तीस आईच्या हातच्या जिताडा मासळीच्या कालवणाचे डोहाळे लागले. मागील खेपेस शकूची सासू चंद्रावती हिने टोपात डोकावोन चारचौघींत जाहीर केले होते की, माहेरचा टोप अर्धाच येतो. तो शब्द गोदूबाईंस काट्यासारखा घशात बसला, आणि त्यांनी पण केला की यंदा टोप काठोकाठ पोचवीन, नाही तर त्या उंबऱ्यास पाय लावणार नाही.

मग जिताडा चिरोन, आंबोशी टाकोन, टोप काठोकाठ भरिला, तोंडास फडके बांधिले, राखीव रश्शाची चरवी संगे घेतली आणि बाई पनवेलच्या सर्व्हिस मोटारीत टोप मांडीवर घेऊन सिंहासनारूढ जाल्या.

मोटार उभी तोवर कालवण अदबीने होते. ड्रायव्हर जगन यांनी कूच करताच मोटार पुढे गेली, परंतु कालवणास बसोन राहण्याची सवय, सबब ते मागे राहिले आणि गोदूबाईंचे पोटावर आले. पुढे म्हैस आडवी आली, ब्रेक लागला, मोटार थांबली. तोवर कालवणास चालण्याची सवय जडलेली, सबब ते चालतच राहिले आणि पुढील बाकावर ठमाबाईंचे पाठीवर कोसळले. वस्तुमात्राचा स्वभावच ऐसा की बसले ते उठू नेणे, निघाले ते थांबू नेणे. माणसांतही ऐसे पुष्कळ. त्यांस त्यासाठी मोटार लागत नाही.

"अगो, मना वाढतंस का आंगोल घालतंस?" ठमाबाई गरजल्या.

कंडक्टर भगवान यांनी फर्मान काढिले की टोप टपावर चढवावा. गोदूबाईंनी उलट फर्मान काढिले, "माज्या नातवाचा घास हाय तो. टपाव नाय बसाचा!"

मग चरवी ओतोन टोप पुन्हा भरिला आणि राखीव फौज संपली. पुढे मोठे वळण होते. प्रसंग बाका. गोदूबाईंस घरचे शिंके आठवले. पोरे त्यास झोके देत, परंतु दूध कधी सांडले नाही. मागील बाकावर उरणचे दादू फाटके जाळे घेऊन बसले होते.

"दादू, जाला दे तुजा!"

"मावशे, त्यान मासली धरतान, कालवण नाय!"

तरी दिले. बाईंनी गाठी मारोन शिंके केले आणि टोप वरील दांडीस टांगिला. वळण आले. अवघी रयत एकमेकांचे अंगावर पडली, भगवान ठमाबाईंचे मांडीवर आले, परंतु टोप जिकडे कलला तिकडे रस्साही कलला. दोघांची चाल एक, मग सांडणार कोण?

पनवेली चंद्रावतीने फडके सोडिले. काठोकाठ! ती टोप उचलोन तरातरा आत निघाली, उंबऱ्याशी गपकन थांबली. रस्सा मात्र चालत राहिला, तो तिचे लुगड्यावर.

"ईनबाय," गोदूबाई विहिणीस म्हणाल्या, "थांबताना हलू थांबावा."

शकूने चुलीपाशीच फतकल मारोन भुरके मारिले. मध्येच रडली, मग आणखी मागितले. चंद्रावतीने स्वहस्ते वाढिले.

येणेप्रमाणे पनवेल फत्ते जाले. परतीस रिकामा टोप मांडीवर होता. मोटारीने किती धक्के दिले हे गोदूबाईंस ठाऊक नाही, त्या झोपल्या होत्या. साक्ष ठमाबाईंचे लुगडे. हळदीचा डाग अद्याप रुजू असे.