बारा गाड्या आणि एक थ्रेशर

गुडघे गेले तरी मान सोडायचा नाही, हा धुळ्याकडच्या म्हाताऱ्यांचा जुना आजार. अभिमन नानांना तो जरा जास्तच होता. यात्रेत कमरेला आकडा अडकवून, एकमेकींना बांधलेल्या बारा बैलगाड्या ओढायचा मान त्यांच्या घराकडे. (गाड्या मागून सगळं गाव ढकलतं. पण हे बोलायचं नसतं. बोललं की देव कोपतो, आणि नाना त्याहून जास्त.) गेल्या साली नाना अर्ध्यात फतकल मारून बसले, तेव्हा चुलतभाऊ तोतारामने भर पारावर सुनावलं, "नाना, आते पुढला साल गाड्या अडक्यात तं आकडा मना!"

झालं. आकडा तोतारामच्या कमरेला जाऊ नये म्हणून नानांनी पाय कमवायचं ठरवलं. जळगावला साडूकडे गेले असताना एका व्यायामशाळेत त्यांना विजेवर थरथरणारी लोखंडी पाटी दिसली.

"यावर नुसतं उभं राहायचं, काका," तिथला मास्तर म्हणाला. "मांड्या आपोआप घट्ट होतात. पण मिनिटभरच हं!"

पोरांना जन्मभर 'कष्ट करा रे' म्हणून पिडणारे नाना त्या 'आपोआप'वर भाळले. 'मिनिटभर' त्यांनी शहरातल्या लेच्यापेच्यांना देऊन टाकलं. पाटीसाठी जळगावला कोण जातो? घरचं थ्रेशर काय कमी हलतं? गावी येताच ते गहू काढणाऱ्या थ्रेशरच्या पाठीवर चढले.

"जमीनवर उभं ऱ्हाता नही येस, अन् मशीनवर चढनात!" बायको झुंबरबाई ओरडली.

यात्रेच्या सकाळी तर नानांनी डोस वाढवला. गहू संपेपर्यंत उतरलेच नाहीत. उतरले तेव्हा अंगभर पिवळा भुसा, डोळे तांबारलेले, आणि मशीन बंद पण नाना चालू! पाय लटलट, दात कडकड. शेजारच्या वच्छलाबाईने ते ध्यान पाहिलं आणि हात जोडले.

"वं माय! नानाना आंगमा देव उना!"

नारळ फुटले. कुणी विचारलं, "देवा, गाड्या निघतीन ना?" नाही म्हणायची नानांची फार इच्छा होती. पण मान आधीच हो-हो हलत होती.

भगताला, म्हणजे गाड्या ओढणाऱ्याला, दोन्ही बाजूंनी बगलेत धरून पळायला दोन बगले असतात. उजवीकडचा बगल्या तोताराम. आकडा अडकला, आरोळी उठली, आणि पहिल्याच पावलाला नानांचे पाय दुमडले. मागून गावाने जोर लावलेलाच होता. बारा गाड्या धडधडत आल्या. नानांना इथे टाकलं तर चाकं आपल्यावरूनही जातील, एवढं तोतारामला कळलं. त्याने नानांना अल्लाद उचललं आणि जीव खाऊन पळत सुटला. देवळापर्यंत नानांच्या टाचा जमिनीला लागल्या नाहीत.

"देव हवामा चालना!" गावाने डोकं टेकवलं. मान घरातच राहिला.

दुसऱ्या दिवशी नाना अंगणात खाटेवर पडून, आणि पाया पडणारी रांग दारापर्यंत. रांग ओसरली, ऊन चढलं, खाट तापली. नाना कण्हले.

"बारा गाड्या वढ्यात ना तुम्ही?" झुंबरबाई म्हणाली. "मंग हाई एक खाट तेवढी सावलीमा वढा."

नानांनी आपल्या पायांकडे पाहिलं. त्यातला देव अजून गेला नव्हता. इकडे-तिकडे बघून ते हळूच म्हणाले,

"तोतारामले बलाव."